‘बाहेरच्यांची साक्ष’ : पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती जीवनातील नावलौकिकाचा प्रश्न

प्रस्तावना

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन वाक्प्रचारांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याचा संबंध बारशाशी, दुसऱ्याचा निंदेशी. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ज्या सुशिक्षित व्यक्तींनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, त्यांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच दिवशी आल्या. दीक्षेच्या वेळी नव्या समाजात त्यांचे नाव नोंदले गेले आणि त्याच घटकेपासून जुन्या समाजात त्यांना नावे ठेवली जाऊ लागली. त्यामुळे ख्रिस्ती जीवनात नावलौकिकाचे मोल काय, हा प्रश्न येथील ख्रिस्ती व्यक्तींच्या बाबतीत केवळ उपदेशाचा राहिला नाही. त्यांचे घर, नातेसंबंध आणि कार्य या सर्वांशी तो जोडलेला होता.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रातील तीन प्रसंगांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. इंग्लंडमधील १८८४–८५चा वाद, शारदा सदनासंबंधी १८९३ मध्ये झालेला संघर्ष आणि १८९६ नंतर केडगाव येथे उभे राहिलेले मुक्ती मिशन, हे ते तीन प्रसंग होत. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी आणि स्त्रीविषयक विचारांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यांच्या लौकिकाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा वादाचे एक अंग म्हणूनच येतो. तो स्वतंत्रपणे तपासल्यास लौकिक आणि विश्वास या दोहोंतील भेद अधिक स्पष्ट होतो, अशी या लेखामागील भूमिका आहे.

ख्रिस्ती परंपरेतील नावलौकिकाची कल्पना

बायबलमध्ये नावलौकिकासंबंधी दोन प्रवाह आढळतात. नीतिसूत्रांच्या ग्रंथातील बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी चांगल्या नावाला धनसंपत्तीपेक्षा अधिक मोलाचे मानले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या दैनंदिन अन्नवाटपाची जबाबदारी सोपवण्यासाठी सात जण निवडण्याचा प्रसंग आहे. तेथे उत्तम लौकिक ही निवडीची एक अट आहे. येथे लौकिकाचा संबंध थेट विधवांच्या पोषणाशी आणि सार्वजनिक द्रव्याच्या विनियोगाशी जोडला आहे, हे रमाबाईंच्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर मंडळीच्या अध्यक्षाविषयी मंडळीबाहेरच्या लोकांचेही मत चांगले असले पाहिजे, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. म्हणजे पात्रतेची एक साक्ष बाहेरच्यांनी द्यावयाची आहे.

दुसरा प्रवाह याच्या उलट दिशेचा आहे. लूककृत शुभवर्तमानात सर्व लोक ज्यांची प्रशंसा करतात त्यांना सावधगिरीचा इशारा दिला आहे, तर मत्तयकृत शुभवर्तमानात ख्रिस्तामुळे निंदा सोसणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. हे दोन प्रवाह परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचा एकत्रित अर्थ असा लावता येईल की चांगले नाव ही जपण्याची ठेव आहे, तथापि ती सद्सद्विवेकाच्या मोबदल्यात जपावयाची नाही. हे तत्त्व सांगणे सोपे आहे. बाहेरच्यांची साक्ष आणि अंतःकरणाची साक्ष जेथे एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात, तेथे निर्णय कसा घ्यावयाचा, ही अडचण मात्र उरते. रमाबाईंच्या आयुष्यात ही अडचण वारंवार आली.

लौकिकाचा चढउतार

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल समाजाचा रोष पत्करला. दुष्काळात आईवडील निवर्तल्यानंतर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पुराणकथन करीत देशभर हिंडले व १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरवले. बंधूंच्या निधनानंतर १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी त्यांना वैधव्य आले. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. एका विधवा स्त्रीला एवढा सार्वजनिक मान मिळणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी आपल्या कन्येसह बाप्तिस्मा घेतला. त्याबरोबर हा मान ओसरू लागला. ज्या संस्कृत पांडित्याचा गौरव झाला होता, तेच पांडित्य धारण करणारी स्त्री परधर्मात गेली याचे शल्य अनेकांना होते. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकांतून रमाबाईंच्या बाजूने लेखणी चालवली. त्यांची भूमिका लक्षात घेता ‘बाहेरचे’ हा शब्द एकजिनसी समजणे योग्य ठरत नाही. पुण्याच्या पांढरपेशा समाजाचे मत हेच समग्र समाजाचे मत नव्हते.

चेल्टनहॅमचा वाद : दुसऱ्यांनी राखलेले नाव

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजमध्ये शिकत होत्या आणि काही अध्यापनही करीत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात, अशी कल्पना तेव्हा पुढे आली. कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांना त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु वाँटेजच्या संघातील सिस्टर जेराल्डिन आणि मुंबई व लाहोर येथील बिशप यांनी त्यास विरोध केला. पुरुषांना शिकवणाऱ्या स्त्रीविषयी भारतात गैरसमज पसरतील आणि पुढे आपल्या भगिनींमध्ये काम करण्यासाठी लागणारा तिचा लौकिक नष्ट होईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

हा युक्तिवाद वरवर पाहता हितबुद्धीचा होता. बाहेरच्यांची साक्ष चांगली असावी, ही ख्रिस्ती अपेक्षाच त्यात दिसते. परंतु त्या बाहेरच्यांविषयीचे ज्ञान कोणाला अधिक होते? कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत रमाबाईंनी पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली होती आणि त्याच व्याख्यानांनी त्यांना मान मिळाला होता. आपल्या देशबांधवांना काय खपेल हे आपणास बिशपांहून अधिक कळते, असे त्यांचे म्हणणे होते. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यानंतर तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्यास आपण तयार नाही, असेही त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना कळवले. त्यांचा हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. आज्ञापालन आणि सद्सद्विवेक यांविषयीची त्यातील चर्चा मुळातून वाचण्याजोगी आहे.

याच काळातील आणखी एक बाब येथे नोंदवावीशी वाटते. रमाबाईंनी इंग्लंडमध्येही शाकाहार सोडला नाही. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जुन्या जात्यभिमानाचा अवशेष दिसला. म्हणजे मायदेशी लौकिक राखण्याचा उपदेश आणि मायदेशाशी नाते राखणाऱ्या आचाराबद्दल नापसंती, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून येत होत्या. लौकिकाची चिंता अनेकदा नियंत्रणाचे साधन बनते, ती याच रीतीने. ज्याचे नाव राखावयाचे त्याचा शब्द गौण ठरतो आणि राखणाऱ्याची सोय पुढे येते. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक प्रमाणात घडते. रमाबाईंना त्याचा अनुभव हिंदू समाजात आला होता, तो ख्रिस्ती समाजातही आला.

शारदा सदन : दोन ठिकाणी दिलेला शब्द

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथील त्यांच्या व्याख्यानांतून आणि १८८७ मधील ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या ग्रंथातून विधवांच्या स्थितीकडे लक्ष वेधले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या आर्थिक साहाय्याची हमी मिळाली. असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांत निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांची मंडळी होती. त्यामुळे संस्था धर्मनिरपेक्ष राहील, विद्यार्थिनींच्या धर्माचरणात ढवळाढवळ होणार नाही, हे धोरण ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाची स्थापना झाली. न्या. महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या मान्यवरांनी सल्लागारपद स्वीकारले. सदनात विद्यार्थिनींना आपापले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती.

ज्या पालकांनी आपल्या विधवा मुली एका ख्रिस्ती स्त्रीच्या हाती सोपवल्या, त्यांनी त्या केवळ तिच्या पांडित्यावर विसंबून सोपवल्या नव्हत्या. रानडे–भांडारकर यांचे नाव आणि धर्मनिरपेक्षतेचा शब्द या दोन गोष्टींची पत त्यामागे होती. दुसरीकडे अमेरिकेतील देणगीदारांत भारतात ख्रिस्ती धर्माचा प्रसार व्हावा, अशी इच्छा बाळगणारेही अनेक होते. एकाच संस्थेकडे दोन समाज दोन वेगळ्या अपेक्षांनी पाहत होते. सदनातील काही विधवांना ख्रिस्ती धर्माविषयी ओढ वाटू लागल्याचा अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकातील मजकूर ‘केसरी’ने वाचकांपुढे आणला, तेव्हा या दोन अपेक्षांमधील अंतर उघड झाले.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास हलवण्यात आले. त्यापूर्वी जेमतेम महिनाभर आधी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा घेतल्यावरून मोठे ग्रामण्य उभे राहिले होते. त्या चहापानाला रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुढे रानडे यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. मिशनऱ्यांकडील चहाच्या पेल्याने जेथे उच्च न्यायालयाच्या भावी न्यायमूर्तींचा लौकिक धोक्यात येत होता, तेथे तरुण विधवांचे वसतिगृह चालवणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीच्या प्रत्येक हालचालीकडे किती संशयाने पाहिले जात असेल, याची कल्पना करता येते.

वादाचे मुख्य कारण प्रार्थना हे होते. रमाबाई आपल्या खोलीत कन्येसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी तेथे येऊन बसू लागल्या. कोणासही बोलवायचे नाही आणि कोणासही हाकलायचे नाही, हीच आपल्या मते खरी धर्मनिरपेक्षता, अशी रमाबाईंची भूमिका होती. आपला धर्म चोरून पाळण्यास त्या तयार नव्हत्या. सल्लागारांची अडचण वेगळी होती. मुली अल्पवयीन होत्या, संस्थाचालिकेवर त्यांचे प्रेम होते, आणि अशा प्रेमाच्या छायेतील निवड कितपत स्वतंत्र मानावी, असा प्रश्न होता. शिवाय पालकांना दिलेल्या आश्वासनात सल्लागारांचे स्वतःचे नाव गुंतलेले होते. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी बोस्टनला कळवून सदनाशी असलेला संबंध तोडला. ‘केसरी’ने आधीपासून चालवलेल्या टीकेला त्यामुळे दुजोरा मिळाला आणि वीस-पंचवीस मुली सदनातून काढून नेण्यात आल्या.

या प्रसंगाचा निवाडा एका बाजूने करणे योग्य होणार नाही. रमाबाईंनी शब्दाचा अक्षरार्थ मोडला, असे म्हणता येत नाही. कोणत्याही मुलीवर बळजबरी झाल्याचे दिसत नाही आणि बोस्टनच्या असोसिएशननेही आपले साहाय्य थांबवले नाही. परंतु त्या शब्दातून पालकांनी जो अर्थ घेतला होता, तो राखला गेला नाही, हेही तितकेच खरे आहे. विश्वास देणारा आणि विश्वास ठेवणारा यांनी एकाच शब्दाचे दोन अर्थ घेतले होते आणि ते वेळीच समोरासमोर मांडले गेले नाहीत. रमाबाईंच्या हेतूंची शुद्धता मान्य करूनही एवढी त्रुटी नोंदवावी लागते.

त्याचबरोबर या प्रतिष्ठेच्या संघर्षाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. रानडे यांचा लौकिक टिकला, ‘केसरी’चा वाढला, रमाबाईंनाही अमेरिकेतील आधार राहिला. पण सदनातून घरी गेलेल्या बालविधवांचे काय झाले, याची वादाच्या गदारोळात फारशी कोणी चौकशी केली नाही. ज्यांचे दर्शनही समाज अशुभ मानीत होता, त्यांना मुळात गमावण्यासारखे नावच नव्हते. नाव मिळवण्याचा जो एक मार्ग शिक्षणाने त्यांना खुला झाला होता, तो इतरांच्या नावासाठी बंद झाला.

असे असले तरी सदनाचे कार्य व्यर्थ गेले नाही. सदनाच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नातू यांचा विवाह १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. हिंदू समाजात राहूनच त्यांनी पुढील आयुष्य व्यतीत केले. आनंदीबाई कर्वे या नावाने त्यांनी लिहिलेल्या ‘माझे पुराण’ (१९४४) या आत्मचरित्रात रमाबाईंविषयीचा कृतज्ञभाव दिसून येतो. स्वतः कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. बाहेरच्यांची साक्ष कधीकधी अशा रीतीने, वाद शमल्यावर, एखाद्या विद्यार्थिनीच्या आठवणींतून मिळते.

केडगाव : पाटी आणि संस्था

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने या नव्या आश्रितांची व्यवस्था केडगाव येथील शेतावर करावी लागली. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९८ मध्ये बोस्टनच्या असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली, तिची पुनर्रचना झाली आणि त्याबरोबर धर्मनिरपेक्षतेचे जुने बंधनही संपले. यानंतर रमाबाईंनी आपली संस्था उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालवली.

या बदलाकडे सामान्यतः सुधारकांशी झालेल्या फारकतीची परिणती म्हणून पाहिले जाते. लौकिकाच्या दृष्टीने त्याचा आणखी एक अर्थ होतो. १८९८ पर्यंत संस्थेच्या पाटीवर एक गोष्ट होती आणि संस्थाचालिकेच्या अंतःकरणात दुसरी होती. दोहोंत लबाडी नव्हती, तरी अंतर होते आणि संशयाला त्याच अंतरात जागा मिळत होती. केडगावी पाटी आणि संस्था एक झाली. तेथे येणाऱ्याला आपण कोठे येत आहोत हे ठाऊक असे. विरोध थांबला नाही, परंतु ‘सांगतात एक आणि करतात एक’ हा आक्षेप घेण्यास पूर्वीइतका आधार उरला नाही. तथापि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींच्या बाबतीत निवडीच्या स्वातंत्र्याचा जुना प्रश्न वेगळ्या स्वरूपात कायम राहिला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

याच सुमारास घडलेली एक घटना रमाबाईंच्या स्वभावावर प्रकाश टाकते. १८९७ मध्ये प्लेग निवारणाच्या नावाखाली पुण्यात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून कडक टीका केली. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचले आणि मुंबई सरकारने त्यांचे आरोप नाकारले. ख्रिस्ती झाल्यामुळे त्या सरकारच्या मर्जीतील, असा समज बाळगणाऱ्यांना यातून उत्तर मिळते. हिंदू समाजातील लौकिक गमावलेल्या या स्त्रीने सरकारदरबारी असलेला लौकिकही पणाला लावला. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्याच्या पार्श्वभूमीवरही प्लेगच्या काळातील दडपशाहीच होती. १८९३ चे प्रतिस्पर्धी १८९७ मध्ये, एकमेकांना न विचारता, एकाच अन्यायाविरुद्ध बोलत होते.

१९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळामुळे मुक्तीतील आश्रितांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध स्त्रियांचे शिक्षण असे उद्योग तेथे चालत. सरकारने १९१९ मध्ये रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. मूळ भाषांवरून त्यांनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून छापला गेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या पुढच्या काळातील त्यांची कीर्ती वादात जिंकून मिळालेली नव्हती. रोज सकाळी दीड-दोन हजार माणसांना जेवू घालणे, शिकवणे आणि कामास लावणे, यातून ती हळूहळू जमा झाली.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की ख्रिस्ती परंपरेत बाहेरच्यांच्या साक्षीला महत्त्व असले, तरी ती साक्ष कोणाच्या तोंडून वदवली जाते हे पाहणे आवश्यक आहे. चेल्टनहॅमच्या वादात भारतीय समाजाचे नाव पुढे करून बिशप आणि सिस्टर आपलेच मत मांडत होते. दुसरा असा की लौकिक आणि विश्वास या भिन्न गोष्टी आहेत. लौकिक समाजाने द्यावा लागतो आणि समाज तो काढूनही घेतो. विश्वास मात्र दिलेल्या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखा कळण्यावर उभा असतो. शारदा सदनाच्या प्रकरणात लौकिकाची चर्चा फार झाली आणि शब्दाच्या अर्थाची फार थोडी. तिसरा असा की नाव गमावण्याची भीती बहुधा ज्यांना नाव असते त्यांना वाटते, पण तिची किंमत नाव नसलेल्यांना मोजावी लागते.

एका ठिकाणाहून द्रव्य, दुसऱ्या ठिकाणाहून विद्यार्थी आणि तिसऱ्या ठिकाणाहून मान्यता घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला हा प्रश्न आजही टाळता येत नाही. तिघांना दिलेला शब्द एकच आहे काय, याची खातरजमा केल्यावाचून संस्थेचे नाव टिकत नाही. रमाबाईंना हे उमगण्यास नऊ वर्षे आणि एक मोठा संघर्ष लागला. प्रेषितांच्या कृत्यांत विधवांचे अन्न वाटण्यासाठी चांगल्या नावाची माणसे निवडली गेली. केडगावी घटनाक्रम उलट होता. तेथे विधवांचे अन्न आधी आले आणि चांगले नाव मागाहून आले.